थंडीतला गंज

माझे बाबा मासळीचा ट्रक चालवतात. कोकणातल्या बंदरावरून बर्फात भरलेली मासळी मुंबईला आणायची आणि रिकाम्या पेट्या घेऊन परत जायचं, हेच त्यांचं काम. ट्रक त्यांचा स्वतःचा. आम्ही नाहूरला राहतो, आणि मी मुलुंडला दातांच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते. ट्रकच्या पुढच्या सीटवर मी कितीतरी वेळा बसले असेन. त्याच्या पोटाखाली मात्र कधी वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं.

गंज पावसात लागतो असं सगळ्यांना वाटतं. बाबांचं म्हणणं उलटं. भर पावसाळ्यात मासेमारी बंद, ट्रक उभा, आणि वरून पडणारं गोडं पाणी सगळा खार धुऊन नेतं. खरा गंज थंडीतला. तेव्हा हंगाम जोरात असतो. बर्फ वितळतो आणि पेट्यांतलं खारं पाणी फळ्यांच्या फटींतून वाटभर खाली ठिबकत राहतं. ते धुवायला वरून एक थेंब पडत नाही, आणि पहाटे दव पडलं की सुकलेलं मीठ पुन्हा ओलं होतं.

"मिठाक तान लागता," बाबा म्हणतात. "हवेतला पाणी पिता नि लोखंडाक पाजता."

म्हणून दरवर्षी थंडी पडली की ते ट्रक गॅरेजच्या रॅम्पवर चढवायचे. खालून भरपूर गोडं पाणी मारायचे, गंज खरवडायचे, रेड ऑक्साईडचा लाल हात द्यायचे आणि तो वाळला की वर काळं डांबर. हे काम ते कोणाला करू देत नसत. त्या वर्षी मात्र त्यांचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. शर्ट घालायलाही आईची मदत लागायची. खेपांना बदली ड्रायव्हर जात होता, आणि बाबा घरात बसून खिडकीतून दव बघत होते. दव बघून वैतागणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

गॅरेजवाल्या काकांची माणसं लग्नासाठी गावी गेलेली. काका म्हणाले, "डांबर मी मारून देतो. पण खरवडायला माझ्याकडे कोणी नाही."

"खरवडूक आमी दोघी येतो," आई म्हणाली.

बाबा हसले. आई नाही हसली. "हसताव कित्याक? जल्मभर मासे खवलतंय मी. लोखंडाक काय काटे असतत?"

रविवारी सकाळी आम्ही तिघं गॅरेजवर गेलो. तिथला रॅम्प म्हणजे उतरत्या दोन जाड सिमेंटच्या भिंती. ट्रकची चाकं त्या भिंतींवर चढतात आणि मधल्या जागेत माणूस उभा राहू शकतो. काकांनी ट्रक चढवला, होजनं खालून धुतला. पाणी निथळल्यावर आई साडीचा पदर खोचून आत शिरली. तिच्या मागून मी गेले आणि मान वर केली.

काय सांगू. वरून आमचा ट्रक म्हणजे निळा रंग, आरशाला लिंबू-मिरची, मागे आमच्या गावदेवीचं नाव. खालून तो वेगळाच कोणीतरी होता. पुढून मागेपर्यंत दोन लांबच लांब काळ्या तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, एकावर एक रचलेले स्प्रिंगचे वाकडे पाटे, मधून गेलेला गोल दांडा. हे सगळं माझ्या डोक्यावर एक हात अंतरावर, कशाचाही आवाज न करता. फळ्यांच्या कडांना मिठाचे बारीक बारीक सुळे लोंबत होते, पाण्याच्या मारानंही न पडलेले. आणि जुन्या डांबरात ठिकठिकाणी माशांचे खवले रुतून बसले होते. पेडव्यांचे, बांगड्यांचे, किती वर्षांचे कोण जाणे. सकाळचं ऊन तिरकं आत आलं आणि ते सगळे एकदम चमकले. मी हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिले. इतकी वर्षं हे आमच्या पायाखालून चाललं होतं आणि मला ठाऊकच नव्हतं.

"काय गो? दातांच्या दवाखान्यात हेच करतंस ना?" बाहेर खुर्चीवर बसलेले बाबा ओरडले. "समज मोठो जबडो आसा!"

मग आम्ही कामाला लागलो. मी वायर ब्रशनं, आई पत्र्याच्या तुकड्यानं. गंजाचे पापुद्रे सुटून डोळ्यात, केसात, तोंडात. तोंडाला खारट लोखंडी चव आली. बाबा बाहेरून सांगत होते, पाट्यांच्या मागे बघा, नटांच्या भोवती बघा, जिथं डांबर सुटलंय तिथंच खरवडा, जिथं चांगलं आहे तिथं हात लावू नका. आम्ही तसंच करत होतो.

मधेच आईचा आवाज थांबला. बघते तर तिनं काकांची छोटी हातोडी उचललेली, आणि ती डावीकडच्या तुळईवर हलके हलके ठोकत पुढे सरकत होती. टण. टण. टण.

"आई, काय करतेस?"

"गप रव."

टण, टण, आणि मागच्या पाट्यांच्या थोडं पुढे, जिथं आडवी पट्टी तुळईला मिळते तिथं, आवाज बदलला. बद. आईनं पुन्हा ठोकलं. बद. एक वीत पुढे गेली, टण. मागे आली, बद.

"अहो," तिनं हाक मारली. "हय येवा जरा. हो आवाज पिकल्या फणसासारखो येता."

आमच्या गावी फणस असाच वाजवून बघतात. कच्चा टणटण वाजतो, पिकला की बदबद. हे मलाही माहीत होतं. पण फणसाचा कान लोखंडाला लावायचं मला सात जन्मांत सुचलं नसतं.

बाबा खांदा सांभाळत खाली आले. ती जागा बघून म्हणाले, "काय तरीच. हय गेल्या वर्सा मी स्वता डांबर मारलंय. बघ, कसा चकचकता."

खरंच, अख्ख्या तळाला तिथलं डांबर सगळ्यात चांगलं दिसत होतं. काळं, गुळगुळीत, एक तडा नाही.

"चकचकू दे," आई म्हणाली. "आत काय तरी आसा."

बाबांनी काकांच्या हत्यारांतला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डाव्या हातानं त्या चकचकीत डांबरावर टेकवला. नुसता टेकवला, जोर लावला नाही. तो आत गेला. मुठीपर्यंत गेला. त्यांनी बाहेर ओढल्यावर त्या भोकातून तपकिरी भुगा सुरसुर करत खाली पडायला लागला, आणि पडतच राहिला.

बाबांनी डांबर नखानं सोललं. सालीसारखं निघालं ते. आत लोखंड नव्हतंच. पापुद्र्यावर पापुद्रा, वर्षानुवर्षं साठलेला, ओला. मीठ आत राहिलं होतं आणि वरून बाबांनीच डांबराचं झाकण घातलं होतं. त्या भगदाडात बाबांची तीन बोटं गेली.

गॅरेजवाले काका आत आले, त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि पहिल्यांदा हात जोडले. कोणाला जोडले ते मला कळलं नाही.

"वाट लागली असती राव," ते म्हणाले. "मागच्या चाकांचा सगळा भार ह्या जागेवर येतो. तुम्ही भरल्या गाडीनं घाट चढत होतात ना?"

"गणपतीक ह्या दोघी पण होत्यो गाडीत," बाबा म्हणाले. एवढंच.

मी त्या भगदाडाकडे बघत होते. घाटातली वळणं आठवत होते. गणपतीच्या प्रवासात एका वळणावर खड्ड्यात चाक आपटलं होतं आणि आईच्या मांडीवरचा मोदकांचा डबा उडाला होता. आम्ही खूप हसलो होतो. तेव्हा खाली एक पापुद्रा दुसऱ्या पापुद्र्याला धरून होता, आणि त्यांच्यावर आम्ही तिघं. कोणी धरून ठेवलं होतं आम्हाला? माझ्या अंगावर काटा आला. पण भीतीचा नव्हता तो. देवळात गाभाऱ्याशी गेल्यावर येतो तसला होता. चपला काढायच्याच काय त्या बाकी होत्या.

पुढचे काही दिवस ट्रक रॅम्पवरच राहिला. काकांनी वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्यानं सडलेला भाग कापून काढला, नवीन जाड पट्टी बसवली, आतून-बाहेरून वेल्डिंग केलं. कापलेला तुकडा त्यानं माझ्या हातात दिला. एवढा मोठा तुकडा, आणि वजन म्हणाल तर जिऱ्याच्या बिस्किटाएवढं.

बाबांनी उरलेलं सगळं डांबर काढायला लावलं. चांगलं दिसणारंसुद्धा. विशेषतः चांगलं दिसणारं. दवाखाना सुटला की मी तडक गॅरेजवर जायचे. आई दुपारपासून तिथंच असायची. खरवडून झालं की ती हातोडी घेऊन दोन्ही तुळया पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. तेव्हा काका ग्राइंडर बंद करायचे, वेल्डिंगवाला चष्मा कपाळावर घ्यायचा. टण, टण, टण, अशी ती पुढून मागे जायची, आणि आम्ही सगळे श्वास रोखून ऐकायचो. फक्त अजून एका जागी ती थांबली. तिथं नुसता वरचा थर निघाला, आत लोखंड शाबूत होतं.

"वहिनी, तुमचा कान म्हणजे झकास काम आहे हां," काका म्हणाले. "रविवारी येत जा इथं. सगळ्या गाड्या वाजवून घेतो."

"चाय पाजलात तर येयन," आई म्हणाली.

लाल हात आम्ही तिघांनी दिला. बाबांनी डाव्या हातानं, जेवढं पोचेल तेवढं. तो वाळला त्या सकाळी मी डांबर मारायच्या आधी पुन्हा एकदा खाली गेले. गंज नाही, मीठ नाही, खवले नाहीत. दोन्ही तुळया कुंकवासारख्या लाल, उन्हात अशा पसरलेल्या की नजर टोकापर्यंत न अडखळता जात होती. बाबा माझ्या मागून आले. त्यांनी डावा तळहात नवीन पट्टीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"लय ओझा घेतल्यान गो ह्येनी," ते म्हणाले. मग काकांना हाक मारली, "मारा आता डांबर."

खांदा बरा व्हायला उन्हाळा उजाडला. बाबा पुन्हा स्टिअरिंगवर बसले त्या दिवशी आई त्यांच्याबरोबर बंदरापर्यंत गेली. मी कॉलनीच्या फाटकाशी उभी होते. ट्रक वळला, स्पीड ब्रेकरवरून गेला, पाटे एकदा खाली दबले आणि परत वर आले. ट्रक दिसेनासा झाला तरी मी रस्त्याकडे बघत तिथंच उभी होते, आणि वॉचमनकाका मला विचारत होते, "काय ताई, काही राहिलं का घरात?"