पायाळूचं आभाळ

मी जन्मले ती पायांकडून. अशा माणसाला पायाळू म्हणतात आणि आमच्याकडे त्याचे दोन उपयोग असत. उसण भरली, कंबर धरली, की पायाळूचा पाय लावून घ्यायचा. आभाळ गडगडलं की त्याच्यापासून लांब व्हायचं, कारण वीज पायाळूला शोधत येते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सकाळी बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पालथ्या पडून मला म्हणायच्या, "कंबर धरली व, पाय लाव न जरा." दुपारी ढग आले की त्याच बाया माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

लग्न होऊन करडीकडच्या गावात आले तेव्हा वाटलं होतं, इथं कुणाला कळणार नाही. पण असली गोष्ट नवरीच्या आधी सासरी पोचते. पहिल्याच रोवणीत गडगडायला लागलं आणि आम्ही सगळ्या शेतातल्या खोपडीत शिरलो. टोळीतली सगळ्यात जुनी बाई मला म्हणाली, "माय, तू जरा बाजूले हो न." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या साध्या आवाजात. बाजूला म्हणजे खोपडीबाहेर, उघड्या धुऱ्यावर.

ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. कुणी म्हणायच्या आत आपणच उठून जावं, एवढ्यासाठी मी आभाळ ओळखायला शिकले. आधी वारा एकाएकी पडतो. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातले बगळे सगळे एकदम उठतात आणि आवाज करत नाहीत. बेडूक थांबतात. मग उजेड हळदीच्या पाण्यासारखा पिवळा होतो आणि त्यात ओळखीच्या माणसांचे चेहरे ओळखीचे राहत नाहीत. शेवटी मानेवरचे केस उभे राहतात, पण तोवर उशीर झालेला असतो.

सासऱ्यांकडे ट्रान्झिस्टर होता. विदर्भात तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस, असं त्यावर सांगितलं की ते म्हणायचे, "तुरळक म्हंजे कोनाच्या घरी?" आणि माझ्याकडे बघायचे. बाया तर सरळ विचारायच्या, "आज पाणी येऊन राहिलं का व?" एक जण हसत म्हणाली, "रेडिओले नागपूरचं समजते, इथलं हिच्या पायाले समजते." मीही हसले. माझा पाय काहीच सांगत नव्हता. सांगत होती ती भीती.

मग मला दिवस गेले. सातव्या महिन्यात सुईण पोटावरून हात फिरवत होती, तो हात मधेच थांबला. "पोराचे पाय खाली हायेत," ती म्हणाली. सासूनं तोंडाला पदर लावला. "फिरते कधी कधी," सुईण म्हणाली, "अजून टाइम हाये." त्या दिवसापासून माझं एकच मागणं होतं, हे फिरू दे. ते जगू दे, हेसुद्धा मी त्यानंतर मागत होते. खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात रोवणी चालू असताना बगळे उठले. मी कुणाची वाट न बघता चिखलातून निघाले, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि धुऱ्यावर पाय जवळ घेऊन उकिडवी बसले. खोपडीच्या दारातून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पाऊस नव्हता, वारा नव्हता, तरी बांधीतलं पाणी थरथरत होतं. कशानं, ते मला आजही सांगता येत नाही. मग सगळं पांढरं झालं. आवाज कानांना आलाच नाही, तो पोटात वाजला. डोळे उघडले तर तलावाच्या पाळीवरचं सिंदीचं झाड उभ्या उभ्या जळत होतं, आणि माझ्या पोटात काहीतरी मोठं, सावकाश, इकडून तिकडे सरकलं.

खोपडीतून हाक आली, "हायेस का व?"

"हाये," मी म्हणाले. कुणी बाहेर आलं नाही.

मुलगी डोक्याकडून झाली. सुईण म्हणाली, इजेनं फिरवली. पोर सरळ आहे म्हणून सासूनं गावभर सांगितलं. मी खूप रडले, आणि ते सुखाचंच रडणं होतं.

ती सहा-सात वर्षांची असेल. रोवणीला माझ्याबरोबर आली होती. दुपारी जेवून आम्ही सगळ्या खोपडीत टेकलो होतो आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून, माझा पदर बोटाला गुंडाळून पडली होती. बाहेर वारा पडला. बगळे गेले. मला सगळं समजत होतं, पण मांडीवरचं ते ऊन ऊन डोकं हलवावंसं वाटेना. म्हटलं, अजून थोडं बसू. उजेड पिवळा झाला तरी मी बसूनच. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. टोळीतली ती जुनी बाई आता जगात नव्हती आणि तिच्यासारखं बोलायला कुणाचं तोंड होत नव्हतं.

मुलगी उठून बसली. तिनं बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. त्या उजेडात तिचा चेहरा मला क्षणभर ओळखू आला नाही. बोटाचा पदर सोडवत ती म्हणाली, "माय, तू जरा बाजूले हो न."

खोळ मात्र तिनं स्वतः माझ्या डोक्यावर नीट बसवून दिली. मी धुऱ्यावर जाऊन खोपडीकडे पाठ करून बसले.