एकसष्ट बाद दीर्घिका

जेवण अंगावर आलंय, चार वाजता सेमिनार आहे, आणि चारुलता यादीवरच डोकं टेकते. पाचच मिनिटं. तीन वर्षं ती दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या भाऊबंदांचे, फोटो निवडतेय. सर्पिल एका रकान्यात, लंबगोल दुसऱ्यात. एकट्या जागी सर्पिल जास्त, गर्दीत लंबगोल जास्त, इथवर छान. पण एकीची दुसरी होते कशी, ते काही केल्या सापडत नाही, आणि प्रबंधाचा सगळा जीव तिथेच अडकलाय.

कट्‌कन शेंग फुटते. समोर तिचे गाईड, बेहेरे सर.

"सर, तुम्ही तर दिवाळीत गेलात!"

"गेलो म्हणून शेंगा सोडायच्या? मागच्या पानावर काय आहे गं?"

"त्या बाद आहेत. एकसष्ट. वेड्यावाकड्या, शेपट्या फुटलेल्या. कुठल्याच रकान्यात बसत नाहीत."

"शेपट्या!" सर खूश होऊन उठतात आणि दार उघडतात, तर बाहेर मंगल कार्यालय. दोन वऱ्हाडं समोरासमोरून येतात आणि खुशाल एकमेकांच्या आरपार जातात. कुणाचा कुणाला धक्का नाही.

"दोन दीर्घिका भिडल्या तरी तारे असेच, आदळत नाहीत. पण ओढ बघ!"

शेले, पदर, उपरणी शेपट्यांसारखी लांबच लांब ओढली जातायत. वऱ्हाडं वळून पुन्हा एकमेकांत घुसतात. बँडवाले चेकाळून वाजवतात.

"हे नवे तारे पेटतायत," सर ओरडून सांगतात. "वायू आहे तोवर."

मग बँड दमून थांबतो. रांगा मोडून सगळ्यांचा एकच लंबगोल घोळका झालाय.

"म्हणजे मधली पायरी मीच बाद केली?"

"काखेत कळसा!" सर टाळी देतात.

चारुलताला हसू येतं आणि रडूही. सरांची फार आठवण येते तिला. "सेमिनारला थांबा ना, सर."

"छे. मी असलो की तू माझ्याकडे बघून बोलतेस. लोकांकडे बघ."

"ताई, पावणेचार झाले." झाडू घेऊन हौसाबाई उभ्या आहेत. "आणि हे कुणी सांडलं? सर गेल्यापासून या खोलीत टरफल दिसलं नव्हतं."

मागच्या पानावर, 'बाद' या शब्दावर, शेंगेचं एक टरफल आहे.

"द्या, टाकते."

"नको, हौसाबाई." चारुलता ते उचलून मुठीत धरते आणि दुसऱ्या हाताने 'बाद' खोडते. "आता काहीच टाकायचं नाही."