उस्तादांची राजदूत, केशोरावच्या अंगणात

केशोराव टेंभरेबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल जे काही बरं बोलेन ते किती नाइलाजाने बोलतोय ते कळेल.

आमच्या दवनीवाड्याच्या राइस मिलमध्ये तो मशीन चालवतो. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. भुवयांवर कायम धानाचा भुसा. घरी बायको आणि दोन एकर धानाची बांधी; मुलगी लग्न होऊन सासरी गेली. बोलतो अगदी मोजकं. कोणी अंगावर आलं तरी "बरं जी" म्हणतो, आणि समोरच्याचं भांडण तिथेच बसतं. त्याचं ते "बरं जी" ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी शालीकराम. बसस्टँडजवळ माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. हे काम मला बिसराम उस्तादांनी शिकवलं. तेराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली पाना धरला तो आजपर्यंत सोडलेला नाही. उस्तादांचा चेला म्हटलं की पंचक्रोशीत माझंच नाव निघायचं. निदान मला तरी तसं वाटायचं.

उस्तादांची एक काळी राजदूत मोटरसायकल होती. शेवटची तीन वर्षं त्यांच्या पायात किक मारायची ताकद उरली नाही आणि गाडी कोठ्यात बैलांशेजारी उभी राहिली. वरून तणस पडली, सीटवर कोंबड्या बसू लागल्या. उस्ताद निरोप धाडायचे, "शालीकले म्हणा, एकडाव चालू करून दे. आवाज आयकू दे." माझ्याकडे गिऱ्हाइकांची रांग. मी म्हणायचो, रविवारी येतो. असे पुष्कळ रविवार गेले आणि एक दिवस उस्तादच गेले.

तेरवी झाल्यावर अनुसयाकाकींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोने, मला कोठ्यात नेऊन विचारलं, "याचं काय करू?" मी टाकीवर बोट दाबलं. बोट आत गेलं. "काकी, भंगारात घाला," मी म्हणालो. हे मीच म्हणालो, याच तोंडाने.

चार दिवसांनी केशोराव काकींच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी नेऊ काय जी?" काकी म्हणाल्या, ने. त्याच्या मुलीच्या वेळी बायको अडली होती, तेव्हा उस्तादांनी याच गाडीवर दोघांना गोंदियाच्या दवाखान्यात पोचवलं होतं, एवढाच त्याचा त्या गाडीशी संबंध. बैलबंडीत घालून माझ्या दुकानासमोरून त्याने ती नेली, तेव्हा सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

केशोरावची काम करायची रीत ऐका. मिस्त्री माणूस गंज काढायला केमिकल आणतो. याने भाताची पेज आंबवली आणि घमेल्यात गाडीचे भाग आठ-आठ दिवस बुडवून ठेवले. शेजारीपाजारी नाक धरून जात. मिलमध्ये धान साफ करायची चाळणी दिवसभर थरथरते; तिला याने एक डबा बांधला आणि डब्यात भुसा नि नटबोल्ट भरले. संध्याकाळी डबा उघडला तर बोल्ट नव्या चमच्यांसारखे. मी चहाच्या टपरीवर त्याची भरपूर टिंगल केली. मग घरी जाऊन गुपचूप चेनचा एक गंजलेला स्प्रॉकेट पेजेत टाकला. नवव्या दिवशी तो स्वच्छ निघाला. तो मी रागाने अंगणाच्या पार टोकाला फेकला.

वर हा माणूस मलाच विचारायला यायचा. लाइन गेली की मिल बंद, मिल बंद की केशोराव माझ्या दुकानात. "शालीकभाऊ, क्लचच्या पट्ट्या कशा बसवू जी? भाऊ, पॉइंटचा गॅप किती ठेवू?" मी तुटकपणे सांगायचो. तो "बरं जी" म्हणून जायचा आणि तसंच करायचा. नागपूरच्या जुन्या बाजारात चार खेपा घालून त्याने पिस्टन मिळवला, गोंदियाला सिलिंडर बोअर करून आणला. टाकीचं भोक पत्र्याने बुजवलं. दोन पावसाळे यात गेले.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसलं नाही ते काकींचं. आधी त्या दर बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात टेकायच्या, पाणी प्यायच्या, सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या. आता त्या केशोरावच्या अंगणात बसू लागल्या. तांदूळ निवडता निवडता त्याला सांगायच्या, "आरसा उजव्या बाजूनं होता. हँडलले लाल गोंडे होते." एकदा मी मुद्दाम तिथून गेलो तर काकी हसत होत्या. उस्ताद गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. वीस वर्षं शिव्या खाल्ल्या मी, पायाला चटके घेतले मी, आणि काकींना हसवणार हा भुसावाला! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "काऊन जी, तब्येत खराब हाये का?" मी तिच्यावरच ओरडलो.

दिवाळीच्या चार दिवस आधी केशोराव आला. गाडी पुरी झाली होती. त्याने विचारलं, "भाऊ, पेट्रोलमंदी ऑइल किती टाकू? लिटरले?"

राजदूतच्या इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, हे आमच्या वयाच्या कुणालाही माहीत आहे. लिटरला चाळीस-पन्नास मिली. पिस्टन नवा असेल तर आणखी थोडं. कमी पडलं की पिस्टन तापून जाम होतो. मी हातातला प्लग घासत होतो. मान वर न करता म्हणालो, "आजकालचं ऑइल लई ताकदीचं येते. दहा मिली पुरे. जास्त टाकशील तं प्लग काळा होईल."

त्याने माझ्या हातातल्या प्लगकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं जी."

माझा हिशोब सोपा होता. तो गावात फेऱ्या मारेल, मिलच्या चढावर गाडी जाम होईल, लोक जमतील आणि म्हणतील, शालीकरामला बोलवा. मग मी जाईन, इंजिन खोलेन, नीट करेन, आणि उस्तादांची गाडी उस्तादांच्या चेल्याच्या हातून चालू होईल. काकी बघतील. एवढंच मला पाहिजे होतं.

धनत्रयोदशीला गाडी चालू झाली. मी दुकानातूनच आवाज ओळखला. तोच आवाज, जो ऐकायला उस्ताद तीन वर्षं निरोप धाडत होते. मी शटर ओढलं आणि घरी गेलो.

गाडी जाम झाली नाही. गावातल्या गावात ती तेवढी तापत नव्हती, असं मी मनाशी म्हटलं आणि वाट पाहिली.

भाऊबीजेला सकाळी मी दुकानासमोर पाणी शिंपडत होतो. राजदूत समोरून गेली. पुढे केशोराव, मागे काकी. नवं लुगडं, मांडीवर पिशवी. काकींनी हात हलवला. "माहेरी जाऊन राहिली रे शालीक, मंडईले!" त्या ओरडल्या. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचं नाटक होतं, लेकी माहेरी जातात. काकींचं माहेर आमगावच्या पलीकडे. पन्नास किलोमीटर.

भर वेगात पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी अडकतं. मागे एका बाजूला बसलेली सत्तर वर्षांची बाई कुठे फेकली जाईल, ते काय मला कळत नव्हतं? मी बादली टाकली आणि माझी गाडी काढली.

गोंदियापर्यंत ते दिसले नाहीत. शहरात गर्दी, मी शिव्या देत, हॉर्न वाजवत निघालो. आमगाव रोडला लागल्यावर प्रत्येक वळणावर मला रस्त्यात पडलेलं लुगडं दिसायचं, आणि जवळ गेलं की ते दुसरंच काही असायचं. मग एका टपरीसमोर राजदूत उभी दिसली. काकी बाकावर चहा पीत होत्या. केशोराव गाडीजवळ उकिडवा बसून इंजिनाकडे पाहत होता.

मी उतरलो आणि सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "काकी, उतरा! म्हणजे बसू नका! केशोराव, ऑइल मी चुकीचं सांगतलं. जाणूनबुजून सांगतलं. पिस्टन जाम होते. पन्नास लागते, पन्नास!"

टपरीवाला म्हणाला, "क्या हुआ भैया, आराम से." काकींचा कप बशीवर वाजला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, चोरी करताना सापडलेल्या पोराकडे बघावं तसं.

केशोराव उठला. हात पुसले. "मी साठ टाकलं जी. नवा पिस्टन हाये ना. इंजिन गार होऊ द्याले थांबलो."

"तुले मालूम होतं?"

"मालूम होतं."

"मंग मले कायले विचारलं?"

"उस्तादची गाडी. तुमाले न विचारता सुरू केली असती तं तुमाले वाईट वाटलं असतं."

त्या दिवशी दुकानात मी खोटं बोललो हे त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. त्यानंतर तीनदा तो माझ्याकडे आला, चहा प्यायला, दिवाळीचा चिवडा देऊन गेला, आणि गावात कुणाला एक शब्द बोलला नाही. मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

त्याने खिशातून चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. "इथून तुमी न्या काकीले. मी तुमच्या गाडीवर मागून येतो."

मी चावी घेतली. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण मी घेतली. किक मारली. पहिल्याच किकला चालू झाली. मी कान लावून ऐकलं. एखादा नट खडखडावा, एखादी पट्टी घासावी, म्हणून देवाला विनवलं. काहीच खडखडलं नाही.

"बसा, काकी," मी म्हणालो.

काकी पिशवी घेऊन गाडीजवळ आल्या आणि थांबल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या केशोरावकडे वळल्या.

"बसू काय रे याच्या मागं?"

"बसा जी," केशोराव म्हणाला. "शालीकभाऊएवढी ही गाडी कोणाले येत नाई."

त्याच्या शब्दावर काकी माझ्या मागे बसल्या.