टीव्हीचा आवाज

नेरला सासरी नवरा माझ्यावर हात उचलायचा, तेव्हा सासूबाई एकच काम करायच्या. टीव्हीचा आवाज वाढवायच्या. शेजारी ऐकतील ही त्यांना काळजी, सुनेचं हाड मोडेल ही नाही. पुढे पुढे तर त्या जागच्या उठायच्याही नाहीत. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला म्हणायच्या, "जाय वं माय, आवाज वाढव." लेकरू धावत जायचं.

शेवटी मी लेकीला घेऊन दारव्ह्याला माहेरी आले. नवऱ्याने तिचा ताबा मागत कोर्ट गाठलं. तिथलं त्याचं रूप काय सांगू! पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात चॉकलेट. "मॅडम, मी तं लेकीवर जीव टाकतो."

एकदा कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. मी मारहाणीचा विषय काढला आणि त्याचा आवाज चढला. "काहून खोटं बोलून राह्यली वं?" लेक माझ्या मांडीवरून उतरली. तिनं चारी भिंतींकडे पाहिलं. टीव्ही नव्हता. मग माझ्या पर्समधून मोबाईल काढून तिनं गाणं लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, घरी राहायची तशी.

बाई हसल्या. "मोबाईलचं भारीच वेड लावलंत हो मुलीला. आई म्हणून लक्ष द्या थोडं." मी खरं काय ते सांगितलं, तर म्हणाल्या, "प्रत्येक गोष्टीत मारहाण आणू नका." नवऱ्याने मान खाली घातली, बिचारा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हुकूम झाला, दिवाळीची सुटी मुलगी बापाकडे. त्याचा वकील म्हणाला होता, "नवरा-बायकोचं काय ते असेल, पण मुलीला तर त्यानं बोट लावलं नाही ना?" कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मारायला मी हाताशी होते म्हणून ती वाचली, एवढंही या शिकलेल्या माणसांना कळू नये? शिसारी येते मला त्या सगळ्यांची.

न्यायला तो येणार होता त्या सकाळी मी तिची बॅग भरत होते. फ्रॉकची घडी काही केल्या जमेना, डोळे सारखे भरून येत होते. लेकीनं ते पाहिलं, माझ्या गळ्यात हात टाकले आणि मलाच समजावलं.

"रडू नको आई. या खेपेले टीव्हीचा आवाज वाढवा नाही लागन. तू नाही ना तिथं."