घर उचललं, तेव्हा मी न्हाणीघरात होते

कुठेही सुताराच्या रंध्याचा आवाज आला की मला ओल्या काळ्या मातीचा वास येतो. हे कसं, ते सांगायचं तर आधी आमच्या घराविषयी सांगायला हवं. आमचं घर बदनापुरात आहे. म्हणजे बरंचसं बदनापुरात आहे. आग्नेयेचा कोपरा तेवढा जमिनीत चालला होता.

दोष घराचा नव्हता, मातीचा होता. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात तहानेने फाटते आणि पावसाळ्यात पोटभर पिऊन फुगते. तिच्या अंगावर उभ्या असलेल्या घराने स्थिर राहावं तरी कसं? बाबांनी ते मोठ्या हौसेने बांधलं आणि उरलेलं आयुष्य त्याच्याशी जुळवून घेण्यात घालवलं. पावसाळा सरला की दारं चौकटीत अडायची आणि अंगणातल्या ओल्या मातीचा वास येत असतानाच बाबा रंधा घेऊन ओसरीवर बसायचे. सागवानाची वळलेली, सोनेरी सोलपटं खाली पडायची. ती मी कानांत अडकवून मिरवायची. दार एका अंगाने तासायचं आणि दुसऱ्या अंगाला फट पडली की तिथे लाकडी पट्टी ठोकायची, हा बाबांचा वार्षिक कार्यक्रम. न्हाणीघर ऐन कोपऱ्यावर, त्यामुळे त्याच्या दाराला या प्रेमाचा सर्वांत मोठा वाटा मिळाला. शेवटी शेवटी ते दार जगातल्या दुसऱ्या कुठल्याही चौकटीत बसलं नसतं.

गोल वस्तूला आमच्या घरात स्वातंत्र्य नव्हतं. वाटाणा, सुपारी, आईची रक्तदाबाची गोळी, जे हातातून निसटेल ते आग्नेयेला जायचं. वस्तू ‘हरवली’ असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. ‘कोपऱ्यात गेली’ म्हणत.

बाबा गेले आणि रंधा थांबला. घर मात्र थांबलं नाही. न्हाणीघराच्या भिंतीला हात जाईल एवढी तिरपी भेग पडली. दादा पुण्याहून आला, भेगेत हात घालून पाहिला आणि म्हणाला, आता आईने त्याच्या फ्लॅटवर राहायला यावं. आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, “पुण्यात समदं मिळंल रे. ह्यांची दारं न्हाई मिळायची.”

घर सावरलं तरच आई इथे राहणार होती. म्हणून मी (जालन्याला मराठी शिकवते, कविता करते, व्यवहारात माझं मत कुणी विचारत नाही) शोधाशोध केली आणि पाया उचलणारी मंडळी गाठली. त्यांचे प्रमुख इरफानभाई. त्यांनी आणलेले पोलादी खांब पाहून आई म्हणाली, हे तर सुताराचं भोकं पाडायचं गिरमिट! खरंच तसंच होतं. प्रत्येक खांबाला फिरती पाती. यंत्राने ते पिळत पिळत काळी माती ओलांडून खालच्या कठीण मुरमापर्यंत न्यायचे, वरच्या टोकाला पाया टेकवायचा आणि जॅक लावून घर हलकेच उचलायचं. पायाभोवती खड्डे खणले गेले, यंत्र घुमू लागलं, आणि कोरड्या उन्हात तो ओल्या मातीचा वास पुन्हा उमलला. शेजारच्या सुमनमावशी खुर्ची घेऊन बघायला बसल्या.

उचलायच्या वेळी इरफानभाईंनी आई-दादासकट सर्वांना अंगणात काढलं. “घरात कोणीच नको. बिलकुल.”

मी मान डोलावली आणि मागल्या दाराने आत गेले. ज्या घराने मला वाढवलं, ते उठून उभं राहताना काय बोलतं, ते मला ऐकायचं होतं. सर्वांत खचलेली जागा न्हाणीघर, म्हणून तिथे शिरले. दार नेहमीसारखं उचलून, ढकलून लावलं, भिंतीला कान लावला आणि डोळे मिटले.

घर बोललं. बसलेला उंट उठताना कण्हतो तसा एक लांब, जुना आवाज घराच्या पायातून वर आला. बादलीच्या एका काठाशी चढलेलं पाणी सावकाश सपाट झालं. चुन्याची भुकटी माझ्या केसांवर उतरली. भेग पापणीसारखी मिटत गेली. माझे डोळे भरून आले. मग मी दार उघडायला गेले.

दार उघडेना. घर सरळ झालं होतं. चौकट सरळ झाली होती. वाकडं राहिलं होतं ते फक्त बाबांचं दार. त्यांच्या पट्ट्या चौकटीत पाचरीसारख्या बसल्या होत्या.

मी हाक मारली. बाहेर धावपळ उडाली. सुमनमावशींनी निदान केलं, तेही फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “पोरीचं पोट बिघडलं वाटतं. सकाळपासून चहा ढोसून राह्यली.” मी आतून सांगितलं की मी घराचा आवाज ऐकायला आले आहे. थोड्या वेळाने दाराखालून कागदाची एक पुडी आत सरकली. ओवा होता.

दादाने पहार आणली. तेव्हा आईचा आवाज अगदी दाराला लागून आला. “पहार लावायची न्हाई.”

“आई, ती आत अडकलीय!”

“अडकू दे. ह्यांच्या हातचं दार हाये.”

(आईचं माझ्यावर प्रेम आहे. माझा क्रम कितवा, ते त्या दिवशी कळलं.)

इरफानभाईंनी मध्यममार्ग काढला. कोपरा थोडा खाली घेतला तर दार सुटेल. पण मग घर पुरतं सरळ राहणार नाही, असंही त्यांनी सांगितलं.

“पडणार तर न्हाई ना?” आईने विचारलं.

“न्हाई, अम्मा. आता मुरमावर उभंय.”

“मंग घ्या खाली.”

जॅक उसासला. घर बोटभर उतरलं आणि दार आपसूक, कुणी न ढकलता उघडलं. समोर आई उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. दार हळूच लावलं. ते ‘टप्’ असा मऊ आवाज करत चौकटीत बसलं. उघडलं, पुन्हा लावलं. बाबांनी शेवटचा रंधा फिरवला त्या वर्षी घर जेवढं कललं होतं, नेमकं तेवढ्यावर येऊन थांबलं होतं. दादाने पहार गुपचूप भिंतीला टेकवली. पुण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

केसांत चुना, पदराला शेवाळ अशा अवस्थेत मी आईला सगळं सांगितलं: तो उंटासारखा हुंकार, बादलीतलं पाणी, मिटत गेलेली भेग, आणि त्या साऱ्यात मला ऐकू आलेले बाबा. आईने ते ऐकून घेतलं. दारावरचा हात तिने काढला नाही. मग माझ्या मुठीत तशीच राहिलेली ओव्याची पुडी बघून, फार मायेने, तिने मला विचारलं,

“खाल्लास?”