फोटो आधी, फोडणी नंतर

इकडे ये गं, बस अशी माझ्याजवळ. तू धुळ्यात आणि मी जळगावात, तेव्हा निदान हा कागद तरी जवळ घेऊन बस, आणि तो मोबाइल जरा पालथा ठेव. रागावायचंच आहे मला तुझ्यावर. सख्ख्या मावशीकडे यायला तुला सवड होत नाही, पण फोनवरून मला शिकवायला बरी सवड होते. मावशी, साखर बंद. मावशी, तेल बंद. मावशी, भात बंद. एकदा मी म्हटलं, मग गॅसच बंद करते ना, तर तू हसलीस. मी काही गंमत केली नव्हती.

आणि ते टोफूचं पहिलं पाकीट तूच घेऊन आली होतीस, हे विसरू नकोस. म्हणून त्याचं पुढे काय झालं ते तुलाच ऐकवते.

माझी साखर वाढली हे तुला माहीतच आहे. डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान. तो म्हणाला, आजी, जेवण बदला, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. एवढ्यावर भागलं असतं. पण मुलाला पुण्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तीन महिने बघू. साखर उतरली नाही तर तिथलं घर बंद करायचं आणि तू इकडे यायचंस. एकटीला नाही ठेवणार मी." इतक्या प्रेमाने म्हणाला की मला भांडताही येईना.

पुण्याला मी राहून आलेली आहे. तुझे काका गेले त्यानंतर महिनाभर होते. दहावा मजला. स्वयंपाकाची बाई म्हणायची, आजी तुम्ही बसा. सून म्हणायची, आई तुम्ही बसा. मुलगा म्हणायचा, आई बस ना गं. महिनाभर बसले मी. जन्मभर उभी राहून जेवढे गुडघे दुखले नाहीत तेवढे त्या महिन्यात बसून दुखले. लिफ्टमध्ये माणसं भेटायची, ती सगळी लिफ्टच्या आकड्यांकडे बघायची. इथे पिंप्राळ्यात माझं घर दोन खोल्यांचं, पण दारात भाजीवाली येते आणि मी तिच्याशी मेथीच्या जुडीवरून रोज भांडते. ती रोज म्हणते उद्यापासून तुमच्या दारात गाडी थांबवणार नाही, आणि उद्या थांबवते. पुण्यात माझ्याशी कोण भांडणार सांग बरं?

तेव्हा मी ठरवलं की साखर उतरवायची. घर सोडायचं नाही.

तू म्हणालीस, "पनीरसारखंच आहे मावशी, फक्त हेल्दी." पाकीट फोडलं तर पाण्यात भिजत पडलेली पांढरी वीट. वास घेतला, तर भिजवून विसरलेल्या सोयाबीनचा. तू एक व्हिडिओही पाठवला होतास. त्यातली मुलगी पांढरा शर्ट घालून स्वयंपाक करते आणि तिच्या ओट्यावर एक डाग नाही. त्या घरात हळद जातच नसावी. ती म्हणाली, भाज्या वाफवा, टोफू घाला, मीठ, मिरेपूड, झालं. झालंच म्हणायचं. ब्रोकोली मी पहिल्यांदा हातात घेतली ती त्या दिवशी. फ्लॉवर घाबरून हिरवा पडला तर जसा दिसेल तशी.

पनीरसारखं म्हणालीस म्हणून मी पहिल्या दिवशी तुकडे करून सरळ रश्श्यात सोडले. त्याने आपलं पाणी सोडलं आणि रश्श्याचं काही घेतलं नाही. मीठ बाहेर, टोफू आत, दोघांची ओळखच नाही.

आमच्या शेजारच्या अक्का तेव्हा ओट्याशी उभ्या होत्या. त्या पारोळ्याकडच्या, बोलणं अजून गावचंच, अहिराणी.

"ताई, हाई पांढरं काय शे?"

"टोफू. सोयाबीनचं करतात."

त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि गिळला. "कोनी आजारी शे का घरमा?"

"मीच आहे ना."

"मंग ठीक शे," म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा काही उचलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलाने नवी टूम काढली. रोज दुपारी जेवायच्या आधी ताटाचा फोटो पाठवायचा. ज्याच्या ताटातली कारल्याची फोड संपली की नाही हे मी तो चौथीत जाईपर्यंत बघत होते, तो आता माझं ताट तपासणार. माझा हात थरथरतो, फोटोत ताटाऐवजी फरशी येते. म्हणून फोटो काढायचं काम अक्कांकडे गेलं. वाफवलेलं गाजर, ढोबळी मिरची, ती घाबरलेली ब्रोकोली, वर टोफूचे चौकोन. अक्का फोटो काढायच्या, पुण्याहून अंगठा यायचा. कधी दोन अंगठे.

तीन दिवस मी तेच तसंच खाल्लं, खोटं कशाला सांगू. चौथ्या दिवशी फोटो गेला, अंगठा आला, आणि मी ते ताट घेऊन बसले तर घास वर जाईना. समोर कोणी नाही, घरात आवाज नाही, आणि ताटात हे. उठले. लोखंडी कढई ठेवली. तेल, लसूण, सुकं खोबरं, दाण्याचं कूट, काळा मसाला. ताटातलं सगळं त्यात ओतलं. उकळी आली, तर्री वर आली, घराला घराचा वास आला.

तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. रश्श्यावर बोटभर तर्री नसेल तर पाहुण्याला वाटतं की आपलं येणं या घराला रुचलं नाही. व्याही जेवायला बसला आणि वाटीत नुसतं पाणी दिसलं तर पुढची दहा वर्षं तो तेच सांगत फिरतो. मग मी म्हटलं, पाहुण्याचा एवढा मान, तर आपणच आपल्याला असं का वाढावं, जसं काही नकोशा बाईला वाढतोय.

आणि मग ते रोजचंच झालं. फोटो आधी, फोडणी नंतर. तिखट लागतं म्हणून एकाच्या दोन भाकरी. शेवटी रस्सा उरतो म्हणून थोडा भात. पण खरं सांगते, मी कोणाला फसवते आहे असं मला वाटायचंच नाही. टोफू खात होते ना मी. मला वाटायचं, टोफू म्हणजे गोळीसारखा, तो पोटात गेला की बाकीच्याचं तो बघून घेईल. तू नाक मुरडू नकोस. आमच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बायका चार फेऱ्या मारतात आणि फाटकावर कचोरी खातात. फेऱ्या मारल्या आहेत ना. त्यातली एक तर शुगर फ्री चहा पिते आणि त्यात बिस्किटं बुडवते, सहा.

तीन महिने झाले. रिपोर्ट आला. साखर उतरली नव्हती, आणखी चढली होती.

डॉक्टरने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आजी, जेवता काय?"

"टोफू," मी म्हटलं.

त्याने पेनाला टोपण लावलं. शिकला असेल बरंच, पण हे त्याच्या पुस्तकात नसावं.

मुलाचा फोन आला, "शनिवारी गाडी घेऊन येतो." आला तो मोठी रिकामी बॅग घेऊन. आल्या आल्या त्याने ती माझ्या कपाटासमोर ठेवली. मी त्याला जेवायला वाढलं. फोटोत असायचं तेच, तसंच. वाफवलेलं, पांढरं, कोरडं.

"छान आहे आई," तो म्हणाला. शाळेत लस टोचायला आल्यावर जसं तोंड करून उभा राहायचा, तसंच तोंड करून चावत होता.

संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी टोफूचा चुरा केला. दुपार व्हायच्या आत तो म्हणाला, "जरा गाडीत हवा भरून येतो."

दीड तासाने आला. चार चाकांना एवढी हवा लागते हे मला माहीत नव्हतं. दारातच काळ्या मसाल्याचा वास आत आला, त्याच्या आधी. नखं पिवळी. शर्टाच्या खिशावर लाल थेंब, कडेने तेल पसरलेलं.

"भरली का हवा?"

"भरली."

"तर्री कशी होती?"

आणि अगदी त्याच वेळी अक्का आल्या, हात पदराला पुसत, फोटो काढायची वेळ झाली म्हणून. मुलाला बघून त्यांना आनंद झाला. माझी बाजू घ्यावी म्हणून त्या त्याला सांगायला लागल्या.

"दादा, तुम्हनी माय भलती शिस्तनी शे. फोटू काढाशिवाय कधीच फोडनी देत नही."

त्यांनी कौतुक केलं होतं गं माझं. अजून त्यांना कळलेलं नाही की त्या काय बोलल्या. मी त्यांना चहा टाकायला आत पाठवलं.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या खिशावरच्या डागाकडे पाहत राहिले. मला वाटलं होतं आता हसेल, आणि सुटलो दोघं. तो हसला नाही.

"आई, तुझा फोटो आला की मग मी ऑफिसात डबा उघडायचो," तो म्हणाला. "बाबाही असंच सांगायचे ना. ठीक आहे, ठीक आहे, सगळं ठीक आहे."

तुझे काका तसेच गेले. गोळ्या घेतल्या म्हणायचे आणि उशीखाली ठेवायचे. ती उशी मीच झटकली होती नंतर. मुलगा तेव्हा शेजारी उभा होता. मी हे सगळं विसरले नव्हते, पण त्याच्या अंगठ्यामागे हे असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. मी समजत होते पोरगा साहेबगिरी करतो आहे.

मी म्हटलं, "मला नेऊ नकोस. मी तुला फसवणार नाही."

"मग मला कळणार कसं?"

"रिपोर्टला विचार. ताटाचे फोटो बंद. मी काही परीक्षेला बसलेली नाही." आणि आणखीही म्हटलं, कारण संधी सोडणाऱ्यांतली मी नाही, "आणि तुला दोन दिवस जे खाववलं नाही, ते मला जन्मभर खायला सांगतोस, ते कोणत्या तोंडाने?"

त्यावर मात्र तो हसला. बॅग कपाटासमोरून उचलली. परत जाताना मी त्यात दादर ज्वारीचं पीठ आणि कुरडया भरून दिल्या. सुनेने त्या अजून तळल्या नसतील.

त्यानंतर मात्र मी टोफूशी नीट बोलणी केली. त्याला फडक्यात बांधायचं आणि वर वरवंटा ठेवायचा, अर्धा तास. पाणी निघून जातं, मग तो ऐकून घेतो. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी लाल होऊ द्यायचा, वर लसणीचा ठेचा चोळायचा. नाहीतर भरताचं मोठं हिरवं वांगं भाजायचं, हिरव्या मिरच्या भाजायच्या, कांद्याची पात घालायची आणि त्यात टोफू कुस्करून सगळं एकत्र कुटायचं. फोडणीला तेल चमच्याने मोजून. ब्रोकोली मी भाजीवालीकडे परत केली, ती तिला कुठून मिळते तिथे जाऊ दे. माझ्याकडे गिलकं आहे, डांगर आहे, चवळीच्या शेंगा आहेत, त्यांनी कोणाचं काय वाकडं केलं? तर्रीची शेवभाजी महिन्यातून एकदा, लहान वाटीत, आणि ते मी डॉक्टरला तोंडावर सांगितलं आहे. त्याने मान हलवली. होकाराची की हताशपणाची, ते मी विचारलं नाही.

हे सगळं चांगलं लागतं, असं मी तुझं मन राखायलासुद्धा म्हणणार नाही. खाववतं, एवढं म्हणेन. अक्का आता दुपारच्या येईनाशा झाल्यात. म्हणाल्या, "ताई, तुन्हा घरमा आते वास येत नही."

परवा रिपोर्ट आला. उतरली आहे. डॉक्टरला हवी तेवढी नाही, पण उतरली आहे. मी मुलाला फोन केला, कागदावरचं वाचून दाखवलं. त्याने आकडा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, "बरं. राहा तिथेच." आणि लगेच जोडलं, "पुढच्या रिपोर्टपर्यंत." म्हणजे माझ्याच घरात मी आता तीन तीन महिन्यांची भाडेकरू आहे, आणि भाडं भरायचं ते रक्ताने. चालेल. भाजीवालीशी भांडायला तीन महिने पुष्कळ झाले.

एक गोष्ट मात्र जमत नाही. एकच भाकरी खायची असं ठरवलं आहे, पण थापायला बसले की हात थांबत नाही, दोन होतात. एवढी वर्षं एकीपुरतं कधी केलंच नाही ना. दुसरी झाकून ठेवते आणि ती झाकलेली दिसते, तिथेच सगळं बिघडतं. ती कोणीतरी खायला हवी. सकाळच्या गाडीने निघालीस तर जेवायच्या वेळेला पोचशील. कोणत्या दिवशी ते फोनवर ठरवत बसू नकोस. ये.