सॅलडचे बटाटे

आमच्या गावच्या शनिवारच्या बाजारात बटाटेबाई कुणालाही बटाटे असेच देत नसत. आधी विचारत, "आल्झो, काय करणार?" ‘आल्झो’ म्हणजे ‘तर मग’. सूप म्हटलं तर एका पेटीतले, भाजणार म्हटलं तर दुसरीतले. ‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्याला त्या सांगत, "मग ठरवून या. मी आहे इथेच." चर्चच्या पाद्रीबुवांनाही त्यांनी रिकाम्या पिशवीने परत पाठवलेलं मी पाहिलंय. पाद्रीबुवा मुकाट्याने घरी गेले, स्वयंपाकीणबाईंना विचारून आले आणि पुन्हा रांगेत शेवटी उभे राहिले.

‘बटाटेबाई’ हे नाव माझ्या आईने ठेवलेलं. खरं आडनाव इतकं लांब होतं, की आई अर्ध्यापर्यंत पोचायची तोवर आमचा नंबर जायचा. नवऱ्याचा जुना कोट, वर निळा एप्रन आणि एप्रनच्या खिशात एक छोटी वाकडी सुरी, असा त्यांचा बारमाही पोशाख. बटाटा हातात घेऊन त्या वजन सांगत आणि मग तराजूत टाकत, ते तराजूची परीक्षा घेतल्यासारखं.

बाबांना जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून पुण्याहून आम्ही शेजारच्या या गावात येऊन पडलो. मी तेव्हा सात वर्षांची. दोन वर्षांत माझं जर्मन असं काही झालं, की मला मराठी येतं याचीच लाज वाटायला लागली. वेणी नको, केस आखूड हवेत, म्हणून मी तीन दिवस उपोषण केलं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात. आईला जर्मन यायचं नाही, त्यामुळे बाजारात दुभाषी मीच. बटाटेबाई मला ‘फ्रॉयलाइन’ म्हणायच्या, म्हणजे कुमारी. त्यात थट्टा असेल अशी शंकाही मला आली नाही. उलट मी मान आणखी ताठ केली.

आईला मात्र त्या ‘मेडले’ म्हणत. म्हणजे त्यांच्या बोलीत पोरी. आई तेव्हा तिशीची होती आणि आठवडाभरात बाहेरच्या माणसाशी तिचं बोलणं व्हायचं ते या एका गाड्यापाशी. त्यामुळे ‘काय करणार?’ला ती सविस्तर उत्तर द्यायची. "अगं, तिला सांग, उद्या चतुर्थी आहे. संध्याकाळपर्यंत उपास. मग वडे करायचेत. उकडून, कुस्करून, आलं-मिरची घालून. आणि सांग, माझी आई त्यात लिंबू पिळायची."

मागे माझ्या वर्गातली मुलगी तिच्या आईबरोबर उभी. तिच्यादेखत मी मिरची, चतुर्थी आणि आजीचं लिंबू जर्मनमधून सांगणार? मी बटाटेबाईंकडे बघून एकच शब्द म्हटला, "सॅलड."

"इतकं लांब सॅलड?" बटाटेबाई म्हणाल्या.

"मराठी लांब असतं," मी म्हटलं.

मग दर शनिवारी सॅलडच. सॅलडचे बटाटे घट्ट असतात, उकडले तरी आपला आकार सोडत नाहीत. कुस्करायला जावं तर खाली डिंक आणि वर खडे. आईचे पराठे फाटायला लागले. वडे तेलात उकलायला लागले. आधी तिने तेलाला दोष दिला, मग शेगडीला, मग जर्मनीच्या हवेला.

एकदा बाबांच्या खात्यातले चौघे जण जेवायला यायचे होते. आईने पुण्याहून आणलेल्या बेसनाचा शेवटचा डबा उघडला. वडे कढईत सोडले आणि एकेक करून सगळे फुटले. पाहुण्यांनी पाव आणि चीज खाल्लं, ‘उत्तम’ म्हणाले आणि गेले. आई न्हाणीघरात टबच्या कडेवर बसून होती.

"अहो, माझा हातच गेला," ती बाबांना म्हणाली. "काही करायला गेले तर होत नाही. मला परत पाठवा."

बाबा दारात उभे होते. मी त्यांच्या मागे उभी राहून पाहुण्यांनी आणलेलं चॉकलेट खात होते. संपलं तरी चघळत राहिले. नऊ वर्षांच्या त्या फ्रॉयलाइनला पहिल्यांदाच कळलं, की आपल्या एका शब्दाने कुठवर मजल मारलीय.

पुढच्या शनिवारी आईने फुटलेला एक वडा डब्यात घातला. "तिला दाखव आणि विचार, बटाट्याला झालंय काय."

मी बटाटेबाईंना सांगितलं, "आईने तुमच्यासाठी भेट आणलीय."

त्यांनी वडा मोडला. आतला एक खडा बोटांत धरून चुरडून पाहिला. तुकडा तोंडात टाकला, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी शांतपणे चावून गिळला. मग माझ्याकडे पाहिलं.

"आल्झो, फ्रॉयलाइन. हे सॅलड नाही."

मी बुटांकडे बघत राहिले.

"तू जरा ते कारंजं बघून ये," त्या म्हणाल्या. "नीट बघ. आम्हाला वेळ लागणार आहे."

मी कारंज्यापाशी गेले, पण बघत होते इकडेच. त्यांनी एप्रनमधून सुरी काढली. दोन पेट्यांतले दोन बटाटे मधोमध कापले आणि प्रत्येकाचे अर्धे एकमेकांवर घासले. सॅलडच्या बटाट्याचे घसरून वेगळे झाले. कुस्करायच्या बटाट्याचे फेस येऊन चिकटले, हात सोडला तरी लोंबकळत राहिले. आईने ते हातात घेतले, स्वतः घासून पाहिले आणि मग ती हसली. रांग खोळंबली होती. कुणीतरी घसा खाकरला. बटाटेबाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही काय करणार?" आणि तो गप्प झाला.

त्या संध्याकाळी बेसन संपलेलं, म्हणून आईने पराठे केले. एकही फाटला नाही.

बटाटेबाईंनी माझं नाव सांगितलं नव्हतं. मला मात्र बजावलं, "मी सांगणार नाही. तू सांगायचंस." त्यानंतर दर शनिवारी त्या भुवया उंचावत आणि मी बोटांनी ‘पुढच्या आठवड्यात’ अशी खूण करी. या खुणेवर मी अकरा वर्षं काढली. माझी दुभाष्याची नोकरी त्या दिवशीच गेली होती. आई थेट त्यांच्याकडूनच जर्मन शिकली, त्यामुळे ती आयुष्यभर अस्सल बाजारी श्वाबिश, म्हणजे तिथली बोली, बोलली आणि बाबांच्या साहेबांनाही ‘आल्झो, काय करणार?’ असं विचारायची.

पण इतके दिवस चुकीचा बटाटा हातात घेऊनही ओळखू आला नाही, हा दोष ती आपल्या हाताचाच धरून होती, आणि नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी सुनेला ती एक गोष्ट हमखास सांगे, "पहिलं वर्ष हात जातो हो. घाबरू नका. माझाही गेला होता." ते ऐकलं की मी खोलीतून उठून जायची.

मी डार्मश्टाटला शिकायला निघाले त्याच शरदात बटाटेबाईंनी गाडा बंद करायचं ठरवलं. गुडघे राहिले नव्हते. शेवटच्या शनिवारी त्यांनी माझ्या पिशवीत बटाटे भरले आणि भुवया उंचावल्या. मी बोटं वर केली, तशी त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मी नाहीये, फ्रॉयलाइन."

घरी आले. आई बटाटे सोलत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आता सुरी माझ्या दिशेने येईल असं वाटलं. आईने हातातला बटाटा तेवढा सोलून पुरा केला.

"म्हणजे माझा हात गेला नव्हता तर," ती म्हणाली.

एवढंच. मग तिने फोन उचलला आणि हाताबद्दल जिला जिला सांगितलं होतं, तिला तिला फोन करून ‘तसं काही नसतं’ म्हणून कळवलं. बटाटेबाईंकडे ती दुसऱ्या दिवशी वडे घेऊन गेली आणि पुढेही त्या होत्या तोवर जात राहिली.

परवा मी नातीला घेऊन शनिवारच्या त्याच बाजारात गेले. ईरा नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमधून येतं. बटाटेवाल्या तरुणाने काही विचारलं नाही, ते अलीकडे कुणीच विचारत नाही. मीच त्याला सांगायला घेतलं. चतुर्थी, कुस्करणं, आलं, मिरची. लिंबापर्यंत आले तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी ओळखीचं दिसलं असावं, कारण ईराने माझी बाही ओढली आणि दबक्या आवाजात जर्मनमधून म्हणाली, "आजी, नुसतं सॅलड सांग ना."

मी तिच्याकडे वळून पाहिलं. मान अगदी तशीच ताठ होती.

"फ्रॉयलाइन," मी म्हटलं, "तू जरा ते कारंजं बघून ये."